दारव्ह्याच्या उन्हात टर्बो गाडी: ९५ ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरावे की साधे?

वऱ्हाडी_चाक (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ), ६ मे

नमस्कार मंडळी.

गेल्या हंगामात कापसाचे पैसे हाती आले तेव्हा घरच्यांचा रोष पत्करून मी पुण्याहून एक वापरलेली गाडी आणली. इंजिन दोन लिटरचे टर्बो पेट्रोल, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारे, १९० पीएस ताकदीचे, गियर ऑटोमॅटिक आणि गाडी २०२१ ची. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की निम्मी चर्चा सुट्या भागांच्या किमतीवर जाते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो, हे मी इथे अनेकदा पाहिले आहे.

टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस ९५ असा आकडा आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात किमान ९१ असे लिहिलेले आहे. गाडीसोबतच्या पुस्तिकेत म्हटले आहे की ९५ ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे, ते न मिळाल्यास ९१ चालेल, परंतु ताकद थोडी कमी होईल. आमच्याकडे साधे पेट्रोल एकशे चार-पाच रुपयांच्या आसपास आहे आणि ९५ चे त्याहून सात-आठ रुपयांनी महाग आहे. पुण्यात राहणारा माझा भाचा सांगतो की अशा इंजिनाला १०० ऑक्टेनशिवाय दुसरे काही घालूच नये. उलट गावातील मित्रांचे मत असे की सगळे पेट्रोल एकाच टँकरमधून येते, फक्त नळीचा रंग वेगळा.

मी पाच महिने नेमाने ९५ चे पेट्रोल भरत आहे. ज्या पंपावर भरतो तेथील मुलगा मला ओळखू लागला आहे. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "भाऊ, हे महागाचं इथं कोनी नेत नाही, तुमीच एकटे नेता." त्याने ते कौतुकाने सांगितले, मला मात्र त्या रात्री थोडी शंका आली.

शंकेचे कारण असे की, एप्रिलपासून दुपारच्या वेळी गाडी जड वाटते. यवतमाळकडे जाताना जो चढ लागतो, तेथे सकाळी सात वाजता गाडी सहज झेपावते, आणि दुपारी दोन वाजता त्याच चढावर मागून कोणी दोर धरून ओढत असल्यासारखी रेंगाळते. खटखट अजिबात ऐकू येत नाही आणि डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नाही. महिन्यातून दोनदा कारंज्याहून समृद्धी महामार्गाने नागपूरला जाणे होते; तिथे ताशी १२० च्या वेगाने सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही.

माझे विचारणे एवढेच आहे. महाग पेट्रोलाने अशा इंजिनाला खरोखर फरक पडतो का, आणि पडत असेल तर पाच महिने तेच भरूनही माझी गाडी दुपारी का थकते?

---

पाना_पक्कड (हिंगणघाट), ६ मे

वऱ्हाडीभाऊ, मी नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये नऊ वर्षे अशाच गाड्यांवर काम केले आहे आणि आता गावी स्वतःचे गॅरेज चालवतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर "फरक पडतो" असेच आहे. मात्र कोठे पडतो आणि कोठे पडत नाही, हे समजून घेतल्याशिवाय त्या उत्तराचा उपयोग नाही.

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलाची ताकद सांगत नाही. दाबाखाली आणि उष्णतेत पेट्रोल स्वतःहून पेट न घेता किती वेळ धीर धरते, एवढेच तो आकडा सांगतो. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते आणि ज्वाळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ती शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच तेथील मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकले, तर सिलिंडरमध्ये हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. त्यालाच आम्ही नॉकिंग म्हणतो. जुन्या गाड्यांत चढावर बाटलीत खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, तो हाच.

तुमच्या गाडीत तो आवाज येत नाही, याचा अर्थ नॉकिंग होतच नाही असा नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. आपल्या कानाला कळण्याच्या कितीतरी आधी तो कंप ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगीची वेळ इंजिनाच्या फेऱ्याच्या काही अंशांनी मागे सरकवतो. नॉकिंग थांबते, पण ठिणगी उशिरा पडल्यामुळे ज्वाळेचा जोर पिस्टनवर योग्य क्षणी पडत नाही, त्याची उष्णता सायलेन्सरमार्गे वाया जाते आणि गाडी मरगळते. इंजिन वाचते, पिकअप जातो. तुम्ही लिहिलेला "मागून दोर ओढल्यासारखा" अनुभव मला तरी नेमका असाच वाटतो.

आता दुपारचा हिशोब पाहा. बाहेर ४५ अंश तापमान असताना टर्बो ती हवा साधारण दुप्पट दाबापर्यंत दाबतो, तेव्हा हवेचे तापमान सव्वाशे ते दीडशे अंशांपर्यंत सहज जाते. तिला थंड करण्यासाठी पुढे इंटरकूलर असतो, पण त्याला थंड करणारी हवाच ४५ अंशांची असेल तर तो बिचारा किती करणार? शिवाय आपल्याकडची हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते, आणि कोरड्या हवेत नॉकिंगची शक्यता दमट हवेपेक्षा जास्त असते. कोकणातल्या ३४ अंशांच्या दमट दुपारी जी गाडी तक्रार करत नाही, तीच गाडी आपल्या भागात चढावर ठिणगी मागे घेते.

म्हणून तुमच्यासारख्या इंजिनाला ९१ आणि ९५ यांत फरक पडतो, आणि तो मे महिन्यात, चढावर, भार असताना सर्वांत जास्त पडतो. पहाटेच्या गारव्यात सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने चालवलीत, तर तेच इंजिन ९१ वरही निवांत चालेल. ९५ च्या वर १०० घातल्यास काय होते? इंजिनाची ठिणगी ज्या मर्यादेपर्यंत पुढे सरकण्यासाठी आखलेली आहे, तिच्यापलीकडे ती जात नाही. मूळ आखणी ९५ ची असेल, तर कडक उन्हात १०० ची थोडी मदत होईल, एरवी वाढीव पैसे धुरावाटे जातील. कॉम्प्युटरची आखणी बदलून ताकद वाढवलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या गाडीच्या आधीच्या मालकाने तसे काही केले होते का, हे आधी विचारून घ्या.

पेट्रोलाकडे बोट दाखवण्याआधी एक काम करा. पुढचा बंपर खोलून इंटरकूलर पाहा. गेल्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या एका गाडीच्या जाळीत तुरीचा भुसा, कापसाचे तंतू आणि वाळलेली माती यांची अशी पोळी बसली होती की ती हाताने सोलून काढावी लागली.

---

परीक्षानळी (पुसद), ७ मे

पाना_पक्कड यांनी इंजिनाची बाजू नीट मांडली आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे पेट्रोलाच्या बाजूने थोडी भर घालतो. कारण या चर्चेत वापरला जाणारा "९१ विरुद्ध ९५" हा आकडाच आता थोडा जुना झाला आहे.

ऑक्टेनची मोजपट्टी १९२६-२७ च्या सुमारास ठरली. आयसोऑक्टेन नावाचा घटक नॉकिंगला चांगला विरोध करतो, त्याला १०० मानले. नॉर्मल हेप्टेन जवळजवळ लगेच भडकते, त्याला शून्य. या दोहोंच्या ज्या मिश्रणाप्रमाणे एखादे पेट्रोल वागते, त्यातील आयसोऑक्टेनची टक्केवारी म्हणजे त्या पेट्रोलाचा ऑक्टेन क्रमांक. मोजणी करण्यासाठी दाबाचे प्रमाण बदलता येणारे एक खास एक-सिलिंडरी इंजिन लागते. ते प्रयोगशाळेत असते, पंपावर नसते, हे लक्षात ठेवावे. ऑक्टेन वाढवण्यासाठी पूर्वी पेट्रोलात शिशाचे संयुग घालत असत. त्याचा शोध १९२१ मध्ये अमेरिकेत लागला आणि भारतात शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून पूर्णपणे थांबली. आता शिशाचे ते काम मोठ्या प्रमाणात इथेनॉल करते.

मुद्दा इथेच आहे. बीएस-२ या प्रदूषण-निकषापर्यंत आपल्या साध्या पेट्रोलाचा क्रमांक ८८ होता आणि बीएस-६ मध्ये तो किमान ९१ झाला. इथेनॉलचा स्वतःचा क्रमांक सुमारे १०८ आहे. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळू लागल्यावर साध्या पेट्रोलाचा क्रमांक ९५ झाल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील आपल्या निवेदनात म्हटले आहे. म्हणजे झाकणावरच्या ज्या ९५ साठी वऱ्हाडी_चाक लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजत आहेत, तो आकडा आता साध्या नळीतूनही मिळणे अपेक्षित आहे. मग ९५ च्या महाग पेट्रोलात वेगळे काय उरते? मुख्यतः इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायने. ती निरुपयोगी नाहीत. परंतु इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात पेट्रोल इनटेक वाल्वच्या मागच्या बाजूवरून वाहतच नाही, त्यामुळे तेथे साचणारा कार्बन कितीही महाग पेट्रोल भरले तरी धुतला जात नाही. ही गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही.

मित्रमंडळींचे "एकाच टँकरमधून येते" हे म्हणणे अर्धे खरे आहे. मूळ पेट्रोल त्याच डेपोतून येऊ शकते, पण महाग प्रकारासाठी रसायने डेपोत मोजून मिसळली जातात आणि टँकरचा कप्पा वेगळा असतो.

दुसरी एक गल्लत भाच्याच्या बाबतीत झाली असण्याची शक्यता आहे. अमेरिकेतील चित्रफितींमध्ये ९१ किंवा ९३ ऑक्टेन म्हणतात, तेव्हा ते वेगळ्या पद्धतीने, दोन मोजण्यांची सरासरी काढून सांगितलेले असते. तिथले ९१ म्हणजे आपल्या पद्धतीने जवळपास ९५-९६, आणि तिथले साधे ८७ म्हणजे आपले ९१-९२. त्या चित्रफिती पाहून "९१ हे उंची पेट्रोल आहे, आपल्याकडे तर त्याहून वरचे हवे" असा समज होतो आणि माणूस थेट १०० वर जाऊन पोहोचतो. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी-१०० हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले तेव्हा पुणे पहिल्या दहा शहरांत होते, त्यामुळे तेथील तरुणांना त्याचे आकर्षण असणे मी समजू शकतो. त्याची किंमत साध्याच्या दीडपटीच्या घरात जाते.

इथेनॉलची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी त्याची वकिली करतो असे वाटेल. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये सुमारे ६-७ टक्के ऊर्जा कमी भरते आणि मायलेज थोडे घटते. ऑक्टेन जास्त आणि ऊर्जा कमी, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. "जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त दम" या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही. दुसरीकडे, इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेते, त्यामुळे थेट फवारणीच्या टर्बो इंजिनात मिश्रण आतूनच थंड होते. आपल्या उन्हात ही जमेची बाजू आहे. मात्र वऱ्हाडी_चाक यांची गाडी २०२१ ची आहे. २० टक्के इथेनॉल सोसणारे रबरी व धातूचे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आले. पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली असेल तर ९५ चे महाग पेट्रोल घेऊन ती अडचण टळत नाही, कारण त्यातही इथेनॉल असतेच.

---

एकच_गाडी (मूर्तिजापूर), ७ मे

सर, आपले वाचून हायसे वाटले. माझ्या १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल गाडीत मी वर्षभर महाग पेट्रोल भरले. मायलेजची वही ठेवली होती. वर्षाच्या शेवटी वहीत फरक नव्हता, फक्त बायकोच्या कपाळावर आठ्या होत्या. प्रत्येक टाकीमागे अडीचशे रुपये जास्त गेले, त्याचे एवढेच फळ.

---

पाना_पक्कड, ७ मे

तुमच्या गाडीत टर्बो नाही आणि तिची आखणीच ९१ वर आहे, त्यामुळे वही बरोबर सांगते. वऱ्हाडीभाऊंच्या इंजिनाला तुमच्या वहीचा पुरावा लागू करता येणार नाही आणि त्यांच्या इंजिनाचा अनुभव तुम्हाला.

---

नोझल (वाशीम जिल्हा), ८ मे

मी अकरा वर्षे एका पंपावर व्यवस्थापक होतो. आता शेती करतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहू शकतो. वरील दोघांनी इंजिन आणि रसायन सांगितले, पण मला या सगळ्या प्रश्नात सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्या पंपावरच्या मुलाचे वाटले: "हे इथं कोनी नेत नाही."

तालुक्याच्या ठिकाणी साध्या पेट्रोलाची टाकी दोन-चार दिवसांत रिकामी होते. पुन्हा टँकर, पुन्हा नवा माल. महाग पेट्रोलाचे मात्र टँकरचा एक कप्पा, म्हणजे चार-पाच हजार लिटर, एकदा उतरवून घेतले की ते संपायला गावानुसार कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. जमिनीखालच्या टाकीत ऊन लागत नाही, म्हणून ते लगेच खराब होते असे मी म्हणणार नाही. पण हलके घटक हळूहळू उडतात, आणि खरा शत्रू पाणी आहे. टाकीच्या झाकणातून, पाइपच्या सांध्यातून किंवा टाकीतील हवेच्या ओलाव्यातून पाणी शिरते. पूर्वी इथेनॉल नव्हते तेव्हा पाणी तळाशी बसायचे आणि पेट्रोल वर शाबूत राहायचे. आता इथेनॉल पाण्याला धरते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलाला सोडून पाण्याबरोबर खाली बसते. तळाचा थर कोणाच्या गाडीत गेला तर गाडी जागीच बंद पडते आणि बोंब होते, ते सर्वांना कळते. जे कळत नाही ते असे की, वर उरलेल्या पेट्रोलातून इथेनॉल निघून गेलेले असते, म्हणजे परीक्षानळी सरांनी सांगितलेला ऑक्टेनचा आधारच निघून जातो. तुम्ही ९५ चे पैसे देता आणि तुमच्या टाकीत त्याहून कमी काही येते. पंपवाल्याने फसवलेले नसते. त्याने फक्त न खपणारा माल सांभाळलेला असतो.

हे ओळखायचे कसे? पंपचालक सकाळी डिप घेतो, म्हणजे टाकीत दांडा सोडून पातळी मोजतो, आणि दांड्याला पेस्ट लावून पाणी आहे का ते पाहतो. इथेनॉल मिश्रित पेट्रोलासाठी ती पेस्ट वेगळी असते. घनता रोज नोंदवली जाते आणि टँकरच्या चलनावरील घनतेशी ताडून पाहिली जाते. १५ अंश तापमानाला आणून घनमीटरमागे ३ किलोपर्यंतचा फरक चालतो. गिऱ्हाईकाला घनता विचारण्याचा, फिल्टर पेपर मागण्याचा आणि पाच लिटरच्या शिक्का मारलेल्या मापाने मोजून घेण्याचा हक्क आहे. आमच्याकडे अकरा वर्षांत तो हक्क वापरणारे फार तर वीस जण आले असतील, त्यातले निम्मे दारू पिऊन आले होते.

परंतु स्पष्ट सांगतो की फिल्टर पेपर रॉकेल किंवा तेलकट भेसळ दाखवतो, घनता मोठी गडबड दाखवते, आणि यांपैकी एकही गोष्ट ऑक्टेन दाखवत नाही. म्हणून माझा नियम साधा होता आणि आजही आहे: जिथे ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि काळी-पिवळी यांची रांग असते, तिथे पेट्रोल भरावे. टँकर खाली होत असताना मात्र भरू नये. तासभर थांबावे, तळाचा गाळ बसू द्यावा.

---

परीक्षानळी, ८ मे

नोझल यांचे म्हणणे घरी पडताळता येते. १०० मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात २० मिलिलिटर पाणी घ्यावे, वर ८० मिलिलिटर पेट्रोल ओतावे, तोंड बंद करून हळू हलवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर २० वरून साधारण ३५-३६ पर्यंत वाढला तर पेट्रोलात २० टक्क्यांच्या जवळपास इथेनॉल आहे. तो फारच कमी वाढला, तर इथेनॉल आधीच कुठेतरी निघून गेले आहे. हा प्रयोग अंगणात, उघड्यावर करावा, चुलीजवळ आणि विडी ओढणाऱ्या माणसाजवळ करू नये.

---

वऱ्हाडी_चाक, २९ मे

उशिरा लिहितो आहे, कारण आपण सर्वांनी सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पहिल्यांदा इंटरकूलर. बंपर खोलल्यावर पाना_पक्कड यांनी वर्णन केलेली पोळी निघाली नाही, पण जाळीचा खालचा तिसरा भाग मातीने बुजलेला होता. तो कमी दाबाच्या पाण्याने धुतला. त्यानंतर डॅशबोर्डखालच्या सॉकेटला जोडायचा एक स्वस्त स्कॅनर मागवला आणि त्यावर ठिणगी किती अंश मागे घेतली जाते ते पाहू लागलो. चढ तोच, वेळ दुपारी दोनची, एसी चालू, सोबत एक माणूस.

जुन्या पंपावरचे ९५ चे पेट्रोल टाकीत असताना चढावर आकडा वारंवार चार-पाच अंशांपर्यंत जात होता. मग टाकी जवळपास रिकामी करून यवतमाळ रस्त्यावरच्या गर्दीच्या पंपावर साधे पेट्रोल भरले. त्याच चढावर आकडा दोनच्या आसपास राहिला आणि गाडी सरळ पळाली. माझा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तेच. नंतर भाच्याकडे लग्नाला पुण्याला गेलो तेव्हा येताना त्याच्या आग्रहाखातर १०० ऑक्टेनची टाकी भरली. समृद्धीवरून कारंज्याला उतरलो तेव्हा काटा पावच्या खाली होता. तेवढ्यात चढावर एक फेरी मारली. आकडा शून्य ते एक. दुपारी गाडी सकाळसारखी वाटली हे कबूल करतो. पण सकाळी सात वाजता साध्या पेट्रोलावरही आकडा शून्य ते एकच असतो, त्यामुळे ती दीडपट किंमत मी दिवसाच्या चार तासांसाठी मोजली, असे म्हणावे लागेल.

परीक्षानळी सरांचा प्रयोगही केला. गर्दीच्या पंपावरच्या पेट्रोलात खालचा थर ३५ पर्यंत आला. जुन्या पंपावरून बाटलीत घेतलेल्या महाग पेट्रोलात तो २७ च्या पुढे गेला नाही. मी ती बाटली घेऊन त्या पंपाच्या मालकाकडे गेलो. ते वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांनी भांडण केले नाही, डिप घ्यायला लावली आणि पेस्टचा रंग बदलला. त्यांनी त्या नळीवर लगेच पोते बांधून विक्री बंद केली. त्यांचा तोटा मोठा होणार आहे आणि मला त्याचे वाईट वाटले, कारण ते पेट्रोल त्या गावात मी एकटाच विकत घेत होतो.

एक शंका अजून आहे. टाकी कोणतीही असो, ट्रॅक्टरच्या मागे हळू चालून नंतर ओव्हरटेक करण्यासाठी पाय दाबला की अगदी सुरुवातीला आकडा क्षणभर उसळतो. १०० ऑक्टेनवरही एकदा तसे झाले. ते काय असावे?

---

पाना_पक्कड, ३० मे

भाऊ, हा प्रकार वेगळा आहे आणि तो पेट्रोल बदलून पूर्ण जात नाही. थेट फवारणीच्या टर्बो इंजिनावर फेरे कमी असताना, म्हणजे मिनिटाला चौदाशे-पंधराशेच्या आसपास, एकदम मोठा भार टाकला की कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते. सिलिंडरमध्ये उडालेला ऑइलचा थेंब किंवा कार्बनचा कण हे त्याचे एक कारण असते. ऑटोमॅटिक गाडी मायलेज वाचवण्यासाठी वरचा गियर धरून बसते, म्हणून ओव्हरटेकच्या आधी स्वतः एक-दोन गियर खाली घ्या किंवा गियरचा दांडा स्पोर्टवर टाका. फेरे अडीच हजारांच्या वर आल्यावर पाय दाबा.

आणि ऑइल तपासा. नेमका हा प्रकार कमी करण्यासाठी २०२० पासून एपीआय (ऑइलची प्रत ठरवणारी अमेरिकी संस्था) हिच्या एसपी प्रतीचे ऑइल आले आहे. तुमच्या पुस्तिकेत लिहिलेली गाडीच्या कंपनीची मंजुरी आणि ही प्रत, दोन्ही डब्यावर लिहिलेले असेल तेच घ्या. आधीच्या मालकाने शेवटचे ऑइल कोणते घातले होते, याचे बिल गाडीच्या कागदांत असेल तर त्याचा फोटो इथे टाका. स्पार्क प्लगही काढून बघावे लागतील. पुढच्या रविवारी हिंगणघाटला येणे होत असेल तर सकाळी लवकर या, इंजिन थंड असतानाच प्लग काढलेले बरे.

---

वऱ्हाडी_चाक, ३० मे

बिल सापडले. त्यावर ऑइलचा फक्त ग्रेड (म्हणजे दाटपणा) लिहिला आहे, प्रत नाही. रविवारी सहा वाजता घरून निघतो, साध्या पेट्रोलावर.